सकाळचा हात

अराबाने हात झटकन मागे घेतला आणि म्हणाली, “चावतोय हा.” पंप चावतोय, असं तिचं म्हणणं. पाच मिनिटांपूर्वीच त्या पंपाला मी उजवा हात लावला होता आणि सगळ्यांना खाली उतरा म्हणून सांगितलं होतं. म्हणून खड्ड्याच्या काठावरून मी म्हणालो, “पंप कशाला चावेल बाई, करंट तुझ्याच अंगात आहे. घरी गेलीस की नवऱ्याला विचार.” खाली उभे असलेले सगळे गडी हसले. माझा भाचा एबो तर फावड्यावर रेलून हसला. अराबा हसली नाही. तिने हात झग्याला पुसला, पंपापासून दोन पावलं लांब सरकली आणि घमेल्यात चिखल भरायला लागली. पुढे तासभर तिने ते दोन पावलांचं अंतर सोडलं नाही. शिडीकडे जायचं झालं तरी पंपाला वळसा घालून जायची, त्याच्याकडे पाठ म्हणून करायची नाही. मी वर बसून तिचे ते वळसे बघत होतो आणि माझी लापशी गार होत होती.

खरं तर कुणी कुरकुरलं म्हणून लक्ष देणारा मी माणूस नव्हे. मास्टरने प्रत्येकाच्या कुरकुरीला कान दिला असता तर ताकोराडी शहरात एक भिंत उभी राहिली नसती. आणि माझा हात लागल्यावर तर विषयच संपतो. बारा वर्षं साइटवर हीच रीत आहे. सकाळी माणसं येतात, कपडे बदलतात, पण मास्टर क्वामेनाचा हात लागल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नाही. मी उजव्या पायातला बूट काढतो, मोजा काढतो, पाऊल पाण्यात टाकतो आणि उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू यंत्राला लावतो. मागचीच, कारण वीज मूठ आवळते. तळवा लावला तर चिकटून बसतो, मागची बाजू लावली तर हात फेकला जातो. आणि उजवाच, कारण डाव्या हाताने आपण कुणाला काही देत नाही, कुणाकडून घेत नाही, कुणाला साधा हातसुद्धा हलवून दाखवत नाही. मग डाव्या हाताने सहा माणसांना जिवाची हमी कशी द्यायची? तर उजवा. बोटांना मुंगी चालल्यासारखं झालं की यंत्र बंद. काही झालं नाही की मी म्हणतो, “चला.” टेमा बंदरात एकदा सगळ्यांच्या टेस्टरचे दिवे गप्प होते आणि माझ्या बोटांना मुंगी लागली. मी मेन स्विच खाली ओढला. उघडून बघितलं तर मिक्सरच्या पोटात वायर सोलवटून पत्र्याला टेकली होती आणि अकरा माणसं ओलेत्या अंगाने त्याला हात घालणार होती. त्या दिवसापासून माझा हात माझा राहिला नाही, साइटचा झाला. दुसऱ्या कामावरचे ठेकेदारसुद्धा मला बोलवायला लागले, की मास्टर, येऊन जरा हात लावून जा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

हा खड्डा माशांच्या शीतगृहाखालच्या टाकीचा. समुद्र दोनशे पावलांवर, त्यामुळे भरतीबरोबर खालून खारं पाणी वर येतं आणि पंप क्षणभर थांबवता येत नाही. आज तळाचं काँक्रीट. दुपारी बाराला काँक्रीटच्या गाड्या येणार, सहा माणसं गुडघाभर पाण्या-चिखलात उभी राहून काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर चालवणार, आणि एकदा ओतायला लागलं की मधे थांबायचं नाही, नाहीतर टाकीला जन्माची भेग राहते. बाकीच्यांच्या पायात गमबूट होते. अराबाच्या पायात साध्या रबरी चपला, त्याही चिखलात निघालेल्या. म्हणजे करंट तिलाच लागणं बरोबर होतं. हे मला कळत होतं, अगदी तिला चिडवत असताना कळत होतं, आणि तरी मी चिडवलं. तेच मला खात होतं. तिला काहीतरी लागलंय आणि मला लागलं नाही, हे दोन्ही खरं असेल तर खोटं काय आहे?

मी लापशीचा घोट घेतला. बिनसाखरेची. एके काळी मी तिच्यात सहा खडे टाकायचो. दीड वर्षापूर्वी माझ्या बुटातून रक्त यायला लागलं, बूट काढला तर तळव्यात दोन इंची खिळा, आणि मी दिवसभर त्याच्यावर चाललो होतो. दवाखान्यातल्या बाईने माझ्या पायाला कापूस लावला, मला डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, “आता लावलाय की नाही, मास्टर?” मी अंदाजाने सांगत गेलो, आणि दर वेळी चुकलो. ती म्हणाली, साखर आहे रक्तात. आधी पाय जातात, मग हळूहळू हात, दुखत नाही म्हणून कळत नाही. घरी येऊन मी बायकोला, एफुआला, साखरेचं सांगितलं. हाताचं सांगितलं नाही, कारण हाताला काही झालेलं नव्हतं. निदान मी तसं ठरवलं होतं. पण मध्यंतरी जेवताना एफुआ माझ्याकडे बघत राहिली. ती स्वतः रश्शावर फुंकर घालत होती आणि माझी चार बोटं त्या वाफाळत्या रश्शात बुडालेली. “भाजत नाही का हो?” मी म्हणालो, “विजेला हात लावणारा माणूस रश्शाला घाबरेल का?” ती हसली, मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवशी बोटांवर फोड आले ते सिमेंटने आले म्हणून सांगितलं. हस्तांदोलनाचंही तसंच. आमच्याकडे हात सोडताना एकमेकांच्या मधल्या बोटाची टिचकी वाजवायची असते. माझी टिचकी गेले कित्येक महिने वाजत नाही. समोरचा वाजवतो, आवाज येतो, मी मान डोलावतो. लोकांना वाटतं, मास्टर आता मोठा माणूस झाला, टिचक्या वाजवत नाही.

मग माझ्या हाताखालचा योकू आठवला. तो आठवू नये म्हणून इतका वेळ मी रश्शाचा आणि टिचकीचा विचार करत होतो. गेल्या पावसाळ्यात बाजारातल्या इमारतीवर योकू ओल्या भिंतीला ग्राइंडर लावत होता आणि परांचीवरून खाली पडला. कंबर मोडली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो म्हणाला, “मास्टर, मी घसरलो नाही. मला कुणीतरी ओढलं.” मी त्याला म्हणालो, “उपाशीपोटी चढलास, चक्कर आली.” त्याच्या बायकोनेही मान हलवली. त्या सकाळी त्या ग्राइंडरला हात मी लावला होता आणि हाताला काहीही लागलं नव्हतं. योकू आता गावी असतो, खुर्चीवर बसवावा लागतो. आणि योकूच्या आधी? योकूनंतर? किती सकाळी मी बूट काढला, सगळ्यांच्या देखत पाण्यात पाय टाकला, बोटं लावली आणि “चला” म्हणालो? त्यातल्या कुठल्या सकाळपर्यंत हात जिवंत होता? मला तो दिवस शोधायचा होता. सापडला असता तर त्याच्या अलीकडचं सगळं माझं नाही असं म्हणता आलं असतं. पण तो दिवस नव्हताच. दिवा जातो तशी जाणीव जात नाही. ती ओहोटीसारखी मागे सरते, आणि माणूस कोरड्या वाळूत उभा राहून म्हणतो की समुद्र इथेच आहे.

अकरा वाजता माणसं आंबवलेल्या मक्याचं केंके आणि मासे खायला वर आली. मी शिडीने खाली उतरलो. पंप घुरघुरत होता. मी बूट काढला, पाऊल पाण्यात टाकलं, बोटांची मागची बाजू लावली. काही नाही. थंडसुद्धा लागलं नाही, आणि लोखंड थंड असायला हवं होतं. मी तळवा लावला, जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. काही नाही. वर माणसं खाता खाता हसत होती, कुणीतरी अराबाची नक्कल करत होतं. मग मी बाही वर केली आणि कोपराच्या आतली बाजू, जिथे कातडी बायकांसारखी मऊ असते, ती पंपाला टेकवली. दंड खांद्यापर्यंत उडाला. दातावर दात आपटले. मी मागे चिखलात बसलो आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मला आधी भीती वाटली नाही, लाज वाटली. त्यानंतर भीती आली, ती मात्र सगळ्यांच्या वाट्याची एकदम आली.

यंत्रांना वीज देणारी पेटी खड्ड्याच्या वर, एका खांबाला. त्या पेटीत एक ब्रेकर असतो, पाण्यात किंवा माणसात वीज गळायला लागली की आपोआप पडणारा. तो पेटीत होता, पण नावाला. तीन आठवड्यांपूर्वी तो दिवसातून चारदा पडायला लागला, कामं खोळंबली, आणि मी वायरचा हातभर तुकडा घेऊन वीज त्याच्या बाजूने वळवली. ब्रेकर बिचारा चालू दिसायचा, पण वीज त्याला न विचारता जायची. तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, “मास्टर, हे बरोबर आहे ना?” मी उजवा हात वर करून दाखवला होता. “पेटीपेक्षा हा हुशार आहे.” टाळ्या पडल्या होत्या. आता मी मेन बंद केला, तो तुकडा काढला, खिशात टाकला आणि मेन चालू केला. ब्रेकर ताडकन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. खाली पंप गप्प झाला, आणि त्या शांततेत खालून पाणी वर येताना बारीक आवाज यायला लागला.

एबो हात पुसत आला. “मामा, पंप का थांबला?”

“ब्रेकर पडला.”

“तो पडतोच. वायर सुटली की काय?”

“मी काढली.”

एबो माझ्या बहिणीचा मुलगा, चौतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. आमच्यात वारसा भाच्याकडे जातो, म्हणून माझं जे आहे ते माझ्या मुलांना नाही, त्याला मिळणार. माझी अवजारं त्याची, माझी जागा त्याची. माझ्या हाताखालचं त्याचं शिक्षण संपलं त्या दिवशी मी रीतीप्रमाणे त्याच्या डोक्यावर पांढरी पावडर ओतली, आणि सगळ्यांसमोर त्याचा हात धरून एका मोटारीवर ठेवला. म्हणालो, आता हा हात तुझा. तेव्हापासून तो माझ्याकडे देवळात बघावं तसं बघतो, आणि ते मी कधी थांबवलं नाही.

तेवढ्यात इंजिनिअर लार्टे कानाला फोन लावूनच आला. तो राजधानीचा, अक्राचा, वयाने माझ्या मुलाएवढा, पण माझ्याशी नेहमी अदबीने बोलतो. “मास्टर, पाणी चढतंय. पंप?”

“पंप गळतोय, इंजिनिअर. केबलचा जोड पाण्यात आहे, तिथून असणार. वर काढू, नवी केबल टाकू. दोन तास द्या.”

“गाड्या निघाल्यात. पहिली वीस मिनिटांत फाटकात. दोन तास ते काँक्रीट कुठे ठेवू, खिशात?”

“परत पाठवा.”

“मास्टर, सकाळी तुम्ही हात लावला होता ना?”

“लावला होता.”

“मग?”

एवढंच विचारलं त्याने, आणि माझ्यापुढे एक दार उघडलं. सोपं होतं. मी म्हणालो, “सकाळी ठीक होता. नंतर बिघडला असेल.” वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. सहा माणसं वाचत होती आणि हातही वाचत होता.

पण एबोने मान हलवली. तो माझीच बाजू घेत होता. “नंतर कसा बिघडेल मामा? मी सकाळपासून तिथेच आहे. केबलला कोणी शिवलेलं नाही. तुमच्या हाताने ठीक सांगितलं म्हणजे ठीकच आहे. तो ब्रेकरच भिकार आहे, तुम्हीच सांगितलंत आम्हाला.”

“मी आत्ता पुन्हा बघितलं. चावला मला. कोपराला.”

“कोपराला?” खड्ड्याशी जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, “आता मास्टर हात मिळवतील तेही कोपरानेच.” हशा पिकला. अराबा मागे उभी होती, तिच्या हातात अर्धा मासा तसाच होता.

“मी सकाळीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. तिच्याकडे कोणी वळून बघितलं नाही.

एबो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून बोलला, घरच्या माणसाशी बोलावं तसं. “हात गप्प आणि कोपर बोललं, असं कधी झालंय का? त्या बाईच्या बोलण्याचा तुम्ही धसका घेतलाय. सावलीत बसा जरा. ती वायर द्या मला. मी टाकतो, आणि व्हायब्रेटर घेऊन पहिला मीच उतरतो. पंपाला पाठ टेकून उभा राहतो, म्हणजे सगळ्यांची खात्री पटेल.” लार्टे म्हणाला, “हे ठीक.” आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला. एबोने माझ्या खिशात हात घालून वायरचा तुकडा काढून घेतला. माझ्या खिशात, न विचारता, कारण भाच्याला तो हक्क आहे. मग कमरेची पक्कड काढून तो पेटीकडे वळला. बाकीचे शिडीने उतरायला लागले. मी अजून “चला” म्हटलेलं नव्हतं, पण सकाळी म्हटलं होतं, आणि सकाळचं त्यांना पुरेसं होतं. मी ओरडलो, “थांबा.” ते थांबले, आदराने वर बघितलं, आणि पुन्हा उतरायला लागले. तेव्हा मला नीट कळलं की इथे माझ्या शब्दाला काही किंमत नाही, कधीच नव्हती. किंमत त्या हाताची होती. त्यांना वाचवायचं तर त्या हातालाच मारावं लागणार होतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

“एबो,” मी म्हणालो, “वायर नंतर. आधी इकडे ये. त्या पकडीने माझं बोट दाब.”

“काय?”

मी उजवा हात पुढे केला. “हे. पहिलं बोट. जोर लावून दाब. मी ओरडलो की थांब.”

“मामा, काहीतरीच काय.”

“मी तुझा मास्टर आहे. दाब म्हटलं ना.”

शिडीवरची माणसं थांबली. लार्टेने फोन कानापासून खाली घेतला. एबोने पकडीचे ओठ माझ्या बोटाच्या टोकाला लावले, हळूच, पोराचं नख कापावं इतक्या जपून. मी तोंड फाटकाकडे वळवलं. बघितलं असतं तर मी चेहरा केला असता, सवयीने. पहिली गाडी आत येत होती, उलटी, तिचा ड्रम फिरत होता आणि ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. मी तिची चाकं बघत राहिलो. आणि मनातून, देवाशपथ सांगतो, मनातून मी करुणा भाकत होतो की दुखू दे. एवढं एकदा दुखू दे. मी ओरडेन, सगळे हसतील, माझी फजिती होईल, अराबा खोटी ठरेल, योकू घसरून पडलेला ठरेल. गाडी खड्ड्यापासून दहा पावलांवर येऊन थांबली. अजून काही नाही.

“एबो, लाग ना दाबायला,” मी म्हणालो. “किती वेळ लावतोयस?”

मी वळून बघितलं. एबोच्या कपाळावरची शीर टरारली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पकडीचे ओठ जवळजवळ मिटले होते. रक्त माझ्या मनगटावरून त्याच्या बाहीत जात होतं, आणि तो अजून दाबत होता, कारण मी ओरडलो नव्हतो.

अराबा पुढे आली आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. “सोड रे,” ती म्हणाली. “ते ओरडणार नाहीत.”

शिडीवरची माणसं, कुणी न सांगता, वर यायला लागली.